विंचू जिवंत, पण नांगी मोडलेली

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पेरूच्या पानांचा मेथॅनॉलमधला अर्क काढला आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्युडोमोनास एरुजिनोसा या दोन जिवाणूंवर तपासला. स्टॅफिलोकॉकसवर बारीकसा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आला. स्युडोमोनासवर काहीच नाही. तीनदा प्लेटा लावल्या, तिन्ही वेळा जिवाणू अर्क भरलेल्या खड्ड्याच्या काठापर्यंत वाढलेले. गाईड म्हणाले, "निगेटिव्ह आहे, वनस्पती बदल." हातात तीन महिने आहेत. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खड्ड्याभोवती वाढ आहे, मात्र प्लेटचा नेहमीचा हिरवा रंग तिथे फिका वाटतो. काही अर्क जिवाणूंना मारत नाहीत, नुसते दुबळे करतात आणि त्यामुळे त्यांच्यात रेझिस्टन्सही (औषधाला न जुमानण्याची ताकद) येत नाही, असं वाचलं. हे खरं आहे का? मी याच वाटेने पुढे जाऊ का? आणि शेवटचं म्हणजे, माझ्या आजीला मधुमेह आहे. तिच्या पायाची जखम पाच आठवडे भरत नाहीये आणि तपासणीत स्युडोमोनासच निघाला. आई म्हणते, "एवढा अर्क करून ठेवलायस, तर आजीला लाव की." लावू का?
— हिरव्या प्लेटची मालकीण

उत्तर:

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते, कारण प्लेटा तीन महिने थांबतील, आजीचा पाय थांबणार नाही.

लावू नकोस. अर्क सौम्य करून नको, एकदाच म्हणून नको, कडेकडेने तर अजिबात नको. जी जखम पाच आठवडे भरत नाही, तिच्यात नुसते जिवाणू नसतात. मधुमेहात पायाला रक्त कमी पोचतं, नसा बधिर झालेल्या असतात म्हणून दुखणं जाणवत नाही, आणि संसर्ग आतल्या आत हाडापर्यंत जाऊ शकतो. वरून जखम लहान दिसते आणि घरचे निश्चिंत राहतात. मधुमेही पायाची जखम पाहणाऱ्या डॉक्टरांकडे आजीला याच आठवड्यात ने. भोवतालची लाली पसरत असेल, सूज असेल, वास येत असेल, कातडी काळी पडत असेल किंवा ताप असेल, तर आठवडा कसला, आजच ने. अँटिबायोटिक चालू असेल तर ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू राहू दे.

आता तुझा अर्क. तो मेथॅनॉलमध्ये काढलेला आहे. मेथॅनॉल उडून गेलं असं आपण म्हणतो, पण शेवटचा अंश गेला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. पानांवर बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि मेथॅनॉलने बीजाणू मरत नाहीत. म्हणजे तू ज्याला औषध म्हणून लावायला निघालीस, त्यातूनच उघड्या जखमेत नवे पाहुणे जातील. त्वचेच्या पेशींना तो किती सोसेल, हेही तू तपासलेलं नाहीस. आईला एवढंच सांग की हा अर्क प्रयोगशाळेतल्या काचेसाठी केलाय, माणसासाठी नाही. पेरूच्या पानांत काही नाही असं म्हणायची गरज नाही. पानांत पुष्कळ आहे. म्हणूनच ती कोण, किती आणि कशात विरघळवून वापरतं याने फरक पडतो.

यात आणखी एक कारण आहे आणि ते थेट तुझ्या प्रकल्पाच्या गाभ्याला भिडतं. तुझी शंका खरी निघाली आणि अर्क स्युडोमोनासला न मारता दुबळा करतो असं ठरलं, तरी दुबळ्या झालेल्या जिवाणूला संपवायचं कोणी? शरीराच्या पांढऱ्या पेशींनी. विंचवाची नांगी मोडली तरी विंचू जिवंतच असतो, त्याच्यावर पाय द्यायला कुणीतरी लागतं. रक्तातली साखर वाढलेली असते तेव्हा नेमक्या याच पेशी सुस्तावतात. म्हणजे ज्या रुग्णाला नुसतं नांगी मोडणारं औषध सगळ्यात कमी पुरेल, तो रुग्ण म्हणजे तुझी आजी.

असो. आजीची भेट ठरवलीस ना? मग आता प्लेटकडे वळू.

"निगेटिव्ह" या शब्दावर माझा जरा राग आहे. झोन नाही म्हणजे काय, तर त्या मात्रेत, त्या आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात), तुझ्या अर्कातला जेवढा भाग खड्ड्यातून बाहेर पाझरला तेवढ्याने जिवाणूंची वाढ थांबली नाही. बस. अर्कातले मोठे रेणू आगरमधून जेमतेमच हलतात, त्यांची तर धड परीक्षाही झालेली नाही. शिवाय स्युडोमोनासला बाहेरून एक जादा पटल असतं आणि आत आलेलं नको ते बाहेर फेकणारे पंप असतात. स्टॅफिलोकॉकसला ते बाहेरचं पटल नाही. म्हणून वनस्पतींच्या अर्कांना स्टॅफिलोकॉकसवर झोन येतो आणि स्युडोमोनासवर येत नाही, ही रोजची गोष्ट आहे. गाईडचं तसं चुकलेलं नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थीच आहे. तुझ्या डोळ्यांना दिसला तो प्रश्न मात्र वेगळा आहे.

तो हिरवा रंग दोघांचा मिळून होतो: निळसर पायोसायनिन आणि पिवळट-हिरवं, अतिनील प्रकाशात चमकणारं पायोव्हर्डिन. पायोसायनिन हे काही सजावटीसाठी नसतं. ते आपल्या पेशींत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतं, श्वासनलिकेतल्या केसलांची (केसांसारख्या बारीक तंतूंची) हालचाल मंदावतं, पांढऱ्या पेशींना लवकर मरायला लावतं. थोडक्यात, ते स्युडोमोनासचं हत्यार आहे. आणि हे हत्यार तो एकटादुकटा असताना उपसत नाही.

हे कसं कळलं, त्याची गोष्ट समुद्रातली आहे. व्हिब्रिओ फिशरी नावाचा जिवाणू काही माकुळांच्या शरीरातल्या प्रकाश-अवयवात राहतो आणि तिथे उजेड पाडतो. मोकळ्या समुद्राच्या पाण्यात विरळ असताना तो अंधारातच असतो. 1970 साली नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी दाखवलं, की हे जिवाणू वाढताना एक रेणू, म्हणजे त्यांचा निरोपच, बाहेर सोडत राहतात आणि तो पुरेसा साठला की सगळे एकदम उजळतात. पुढे 1994 साली फुक्वा, विनन्स आणि ग्रीनबर्ग यांनी याला कोरम सेन्सिंग हे नाव दिलं. आपल्याकडे सभेच्या कामकाजात कोरमला गणपूर्ती म्हणतात आणि मला हा शब्द इथे फार चपखल वाटतो. गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव मांडायचा नाही. चार जिवाणूंनी विष सोडलं तर शरीराला सुगावा लागेल आणि चौघेही मारले जातील. चार कोटी झाले की मग एकदम. स्युडोमोनासही विष, प्रथिनं कुरतडणारी विकरं आणि पायोसायनिन यांचा ठराव असाच गणपूर्तीनंतर मंजूर करतो. बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, बांधण्यातही या निरोपांचा हात असतो.

वनस्पतींना हे फार आधी उमगलेलं असावं. त्यांना ना पांढऱ्या पेशी, ना पळून जायची सोय. डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल समुद्रशैवाल आहे. त्याच्या अंगावर जिवाणूंचे थर फारसे साचत नाहीत, याचं कुतूहल ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना वाटलं. ते शैवाल फ्युरॅनोन वर्गातले रेणू सोडतं. ते जिवाणूंच्या निरोप-रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात की निरोप घेणारं प्रथिन फसतं. गणपूर्ती झालेली असते, पण हजेरी लागत नाही. पेरूच्या पानांतल्या फ्लॅव्होनॉइडांबद्दलही अशा नोंदी झालेल्या आहेत, त्यामुळे तुझी शंका हवेतली नाही. लसणातला अजोईन, चेस्टनटच्या पानांतले काही घटक हे याच रांगेतले.

चेस्टनटचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. कॅसांड्रा क्वेव्ह यांच्या गटाने 2015 साली त्या पानांचा अर्क एमआरएसएवर तपासला. एमआरएसए म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. अर्काने तो मेला नाही. पण त्याची निरोप-यंत्रणा बंद पडली, विषं तयार होईनात आणि उंदरांच्या त्वचेवरच्या जखमा लहान राहिल्या. लागोपाठ 15 वेळा कल्चर पुढे नेऊनही त्यांना रेझिस्टन्स दिसला नाही. तू वाचलेलं "रेझिस्टन्स येत नाही" हे वाक्य अशाच कामांतून आलेलं असणार.

पण त्या वाक्यातला "नाही" तेवढा खोड आणि तिथे "कमी येईल अशी आशा आहे" असं लिही. तर्क बरोबर आहे: मारायला गेलं की जे वाचतात त्यांचीच प्रजा वाढते, न मारता नांगी मोडली तर वाचणाऱ्याला तितका फायदा नाही. ही आशा लोक उगाच बाळगत नाहीत. रेझिस्टंट जिवाणूंमुळे 2019 साली जगभरात थेट 12.7 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. तरी जिवाणू चलाख निघाला. स्युडोमोनासने एका कृत्रिम फ्युरॅनोनलाही पंपाने बाहेर फेकायला शिकून दाखवलं, हे 2012 साली प्रसिद्ध झालंय. दुसरी अडचण याहून गमतीदार आहे. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांत चिकट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेल्या स्युडोमोनासमध्ये निरोप घेणारं लासआर हे प्रथिन पुष्कळदा आधीच बिघडलेलं असतं. जो आधीच सभेला जायचं सोडून बसलाय, त्याची सभा उधळून काय मिळणार?

माणसांवर काय झालं, हे तुला सांगायलाच हवं. लसणाचा अर्क काचेत आणि उंदरांत स्युडोमोनासची निरोप-यंत्रणा छान बंद पाडतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना आठ आठवडे लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. 2010 साली आलेली ही लहानशी चाचणी होती. नुसत्या तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा ठोस फरक दिसला नाही. पोटातून गेलेला रेणू पचतो, यकृतात बदलतो, रक्तात पातळ होतो. फुप्फुसातल्या चिकट थरापर्यंत तो काचेतल्या मात्रेत पोचला पाहिजे ना!

मग ही कल्पनाच पोकळ आहे का? तसंही नाही. नांगी मोडायचा सगळ्यात जुना यशस्वी उपचार अँटिबायोटिकांच्याही आधीचा आहे. 1890 साली बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की घटसर्प आणि धनुर्वात यांची विषं रक्तद्रवातल्या प्रतिविषाने निकामी करता येतात. जिवाणूंना हातही न लावता. 1901 चं वैद्यकातलं पहिलं नोबेल बेहरिंगना याच कामासाठी मिळालं. आणि घटसर्पाच्या प्रतिविषाची एक अट आजही तीच आहे: लवकर द्यायचं. विष पेशीत शिरलं की मग प्रतिविष काही करू शकत नाही. म्हणून दुबळं करण्याच्या सगळ्या उपायांची खरी जागा आजार बळावण्याआधी, किंवा अँटिबायोटिकच्या जोडीला. त्याच्याऐवजी नाही. क्रॅनबेरीचंच बघ. तिच्यातले घटक ई. कोलायला मूत्रमार्गाच्या भिंतीला चिकटू देत नाहीत. ज्या स्त्रियांना वारंवार लघवीचा संसर्ग होतो त्यांच्यात तो पुन्हा होण्याचं प्रमाण त्याने घटतं, पण झालेला संसर्ग बरा करायला तिचा आधार घेता येत नाही.

तर पुढे जा. पण "रंग फिका वाटतो" यातला "वाटतो" काढून टाकायला तुला बरंच काम आहे.

रंग चार कारणांनी फिका पडू शकतो. जिवाणू कमी वाढले. जिवाणू तेवढेच, पण त्यांनी रंग कमी बनवला. रंग नेहमीइतकाच बनला, पण अर्काने तो रासायनिकरीत्या उडवला. किंवा अर्काने माध्यमातली एखादी गोष्ट, समजा लोह, अडकवून ठेवली आणि जिवाणूंचा सगळा संसारच बदलला. यातलं फक्त दुसरं कारण तुझ्या कामाचं आहे. पेरूच्या पानांत टॅनिनं भरपूर असतात आणि टॅनिन म्हणजे प्रथिनांना चिकटणारी, लोह धरून ठेवणारी बिलंदर जात. कित्येक अर्कांचे चमत्कार टॅनिन काढून टाकल्यावर नाहीसे होतात. पीव्हीपीपीने (टॅनिन शोषून घेणाऱ्या पावडरीने) टॅनिन काढलेला आणि न काढलेला असे दोन अर्क शेजारी शेजारी लाव. फरक तुलाच दिसेल.

आधी द्रवमाध्यमात एमआयसी (वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा) काढ. ती मिळालीच नाही, तर तपासलेल्या सगळ्यात मोठ्या मात्रेपर्यंत वाढ थांबत नाही असं स्वच्छ लिही. मग त्याच्या निम्मी, पाव आणि आठवा हिस्सा अशा मात्रांवर वाढीचा आलेख काढ. अर्क स्वतःच गडद असतो, त्यामुळे 600 नॅनोमीटरच्या ओडीवर (द्रव किती गढूळ झाला याच्या मापावर) भिस्त ठेवू नकोस. दर काही तासांनी नमुना काढून प्लेटवर पसर आणि वसाहती मोज. कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे. पण अर्क असताना आणि नसताना वसाहती सारख्याच आल्या, तरच "मारत नाही, दुबळं करतो" हे तुझं वाक्य उभं राहतं. त्यानंतर पायोसायनिन मोज: क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ने. निळ्याचं गुलाबी होतं, ते 520 नॅनोमीटरला वाच. आणि एक नळी अशी ठेव, की जिवाणू काढून टाकलेल्या, आधीच हिरव्या झालेल्या द्रवात अर्क घातलाय. तिथेही रंग गेला, तर तिसरं कारण खरं. मग हसून विषय सोडायचा.

जोडीला क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम मिळवता आला तर बघ. याचा जांभळा रंग गणपूर्तीवरच चालतो. खड्ड्याभोवती पारदर्शक झोन आला तर जिवाणू मेले. दुधट, रंगहीन पण भरगच्च वाढ दिसली तर निरोप तुटला. डोळ्यांना इतकं सरळ उत्तर देणारी चाचणी सूक्ष्मजीवशास्त्रात विरळा. सीव्ही026 हा त्याचा उत्परिवर्तित प्रकार स्वतःचा निरोप-रेणू बनवू शकत नाही, तो बाहेरून द्यावा लागतो. तो मिळाला, तर अर्क निरोप बनू देत नाही की पोचू देत नाही, याचाही माग काढता येतो. तीन महिन्यांत एवढं झालं नाही तरी चालेल.

मात्रेबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहा. मिलिलिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अर्क घालून काही घडलं, तर त्याला फारसं महत्त्व देऊ नये असा या क्षेत्रातल्या जाणत्यांचा संकेत आहे. तितक्या अर्कात काहीही बुडवलं तर काहीतरी होतंच. झाडाची ओळख वनस्पतीशास्त्रज्ञाकडून करून घेऊन नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेव. पानं कुठल्या महिन्यात तोडली ते वहीत लिही, कारण त्यातले घटक ऋतूगणिक बदलतात. आणि अर्क कशात काढला हे कधीही क्षुल्लक समजू नकोस. मलेरियावर औषध शोधणाऱ्या तू यौयौ या चिनी संशोधिकेच्या गटाला उकळलेल्या आर्टेमिसिया ॲन्युआत (ही आपल्या दवण्याची भावकी) मनासारखा गुण मिळत नव्हता. कमी तापमानात ईथर वापरल्यावर आर्टेमिसिनिन हाती लागलं आणि 2015 चं नोबेल मिळालं. तो परजीवीचा आजार होता, जिवाणूचा नव्हे, पण पानं तीच असताना नुसत्या पद्धतीने किती अंतर पडतं ते बघ.

माझी एक फजिती सांगते. शिकत असताना मला एका सालीच्या अर्काला देखणा झोन मिळाला होता. दोन आठवडे मी हवेत होते. मग प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ मदतनीसाने सहज विचारलं, "नुसत्या अल्कोहोलचा खड्डा कुठाय?" तो नव्हताच. केला, तर झोन तेवढाच आला. माझ्या अर्काने काहीच केलं नव्हतं, जे काही केलं ते अल्कोहोलने. तेव्हापासून दुसऱ्याच्या प्लेटवर मी पहिल्यांदा अर्काचा खड्डा बघत नाही, कोरा खड्डा बघते.

गाईडकडे "तुमचं चुकलं" म्हणून जाऊ नकोस. वसाहतींचा आलेख आणि पायोसायनिनचे आकडे एका कागदावर घेऊन जा. विचार, "सर, वाढ सारखीच आहे आणि रंग निम्मा आहे, याला काय म्हणायचं?" कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला असल्या प्रश्नापुढे खुर्ची ओढून बसावंसं वाटतं. प्रबंधाच्या शेवटी "भविष्यात हे औषध ठरू शकेल" हे वाक्य मात्र लिहू नकोस. तुझ्या आईने तेच वाक्य प्रबंधाविना उच्चारलं होतं, आणि त्यापायी तुला मला पत्र लिहावं लागलं.

तुझ्या पत्रात कोऱ्या मेथॅनॉलच्या खड्ड्याचा उल्लेख नाही. पुढच्या प्लेटवर तो कर, अर्काच्या खड्ड्यापासून पुरेसा लांब, आणि खुणा दुसऱ्या कुणाकडून झाकून घेऊन मग रंग बघ. त्याच्याभोवतीही हिरवा फिका दिसला, तर तेही कळव. आणि त्याआधी, आजीला डॉक्टरांनी काय सांगितलं ते.